गठ्ठे लावणारं यंत्र
कॉलेजात भौतिकशास्त्र कसं शिकवावं, यावर संशोधन करणाऱ्यांची अमेरिकेत दरवर्षी परिषद भरते आणि निबंधांचे गठ्ठे साचत जातात. 2001 ते 2018 या काळातले सगळे निबंध ओस्लो विद्यापीठातील टॉर ऑडन आणि सहकाऱ्यांनी यंत्रापुढे, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमपुढे, ठेवले. यंत्राला अर्थ कळत नाही. कोणते शब्द वारंवार एकत्र येतात, एवढंच ते पाहतं. तरीही त्यातून दहा विषय निघाले, वर काळाचा कलही दिसला: आधी विद्यार्थ्यांच्या समजुतींचा शोध, मग गणितं सोडवण्यावर भर, अलीकडे शिकण्याच्या सामाजिक बाजूकडे ओढा. काम झकास आहे, यात वाद नाही. पण विषयांना नावं माणसांनीच दिली, आणि कोणता निबंध कसदार, कोणता भरताड, हे यंत्र सांगत नाही. 2014 साली स्कॉट फ्रीमन यांच्या गटाने 225 अभ्यास पारखून दाखवलं, की विद्यार्थ्यांना सक्रिय सहभागी करून घेणाऱ्या वर्गापेक्षा नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता दीडपट असते. असला निष्कर्ष शब्द मोजून हाती लागत नाही. तेव्हा पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना विनंती: ढीग यंत्राकडून खुशाल लावून घ्या, पण निवडक निबंध विद्यार्थ्यालाच मुळापासून वाचायला लावा.