जाहिरातींचे दप्तर उघडे हवे

चेन्नईच्या एग्मोर भागातील कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय १८९६ साली सुरू झाले. १९५४ च्या कायद्यानुसार देशातील प्रकाशनांची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांकडे जाते, त्यांपैकी हे एक. अशा ग्रंथालयांचे एक मोल सहसा ध्यानात येत नाही. वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींत बातम्यांबरोबर जाहिरातीही जपल्या जातात. १९९० च्या दशकात चेन्नईच्याच अनुभव प्लँटेशन्स या कंपनीने सागवान लागवडीच्या योजनांतून लोकांचा पैसा गोळा केला आणि दशक संपण्यापूर्वीच तो डोलारा कोसळला. त्या काळी वृत्तपत्रात छापले गेलेले प्रत्येक आश्वासन कागदावर राहिले. ते ठेवीदाराने वाचले, त्याच्या शेजाऱ्याने वाचले, बँकेच्या शाखाधिकाऱ्यानेही वाचले. एखाद्याला शंका आली तर तो चारचौघांत बोलून दाखवू शकत होता.

आजची जाहिरात तशी नाही. ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर निवडक माणसांनाच दिसते. निवृत्त गृहस्थांना जी दिसते ती त्यांच्या मुलाला दिसतेच असे नाही, आणि सायंकाळी ती नाहीशी झाली की तिचा मागमूसही उरत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने जनतेला सावध केले, ते याच संदर्भात. बँकेचे वरिष्ठ अधिकारी गुंतवणुकीच्या योजनांचा पुरस्कार करीत असल्याचे भासवणाऱ्या बनावट चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरत होत्या. त्याच वर्षी राष्ट्रीय शेअर बाजाराच्या प्रमुखांच्या नावानेही अशा चित्रफिती निघाल्या. चेहरा ओळखीचा, आवाज ओळखीचा. फसणाऱ्याला भोळा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल.

या अदृश्यतेवर उपाय म्हणून मोठ्या कंपन्यांनी जाहिरातींची सार्वजनिक दप्तरे उघडली. फेसबुकची जाहिरात संग्रहिका भारतात २०१९ पासून आहे. गुगलचे जाहिरात पारदर्शकता केंद्र २०२३ साली आले. कोणीही जाऊन पाहावे, शुल्क नाही. परंतु दप्तर उघडे असणे वेगळे आणि त्यात हवे ते सापडणे वेगळे, हे बँकेत काम करणाऱ्यांना सांगावयास नको. गुगलच्या केंद्रात जाहिरातदाराचे नाव किंवा संकेतस्थळ ठाऊक असावे लागते. जाहिरातीतील मजकुरावरून शोध घेता येत नाही. ठकाचे नाव तर दर आठवड्याला बदलते! फेसबुकच्या संग्रहिकेत शब्दांवरून शोध घेता येतो, परंतु भारतातील साधी व्यापारी जाहिरात थांबली की ती तेथून दिसेनाशी होते. राजकीय जाहिराती मात्र खर्चाच्या अंदाजासह सात वर्षे जपल्या जातात. म्हणजे तामिळनाडूतील निवडणुकीत कोणत्या पक्षाने कोणती जाहिरात दिली हे वर्षांनंतरही पाहता येते. महिन्याला तीस टक्के देऊ म्हणणाऱ्याने गेल्या मंगळवारी काय दाखवले, ते पाहता येत नाही. हा क्रम उलटा वाटतो.

येथेच स्वयंचलित शोधाची गरज येते. बँकेचे नाव, गव्हर्नरांचे नाव, ‘हमखास परतावा’ यांसारखे शब्द, तेही तमिळ, मराठी, हिंदी अशा अनेक भाषांत, दर तासाला शोधत राहणे माणसाच्या आवाक्यातले नाही. संगणक प्रणाली ते कंटाळा न करता करते. ती जाहिरातीचा क्रमांक, जाहिरातदाराचे नाव, आरंभाची तारीख आणि दुव्याचा पत्ता टिपून ठेवते आणि सेबीच्या नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीशी ताडून पाहते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितल्याने ही ताळमेळणी आणखी सोपी झाली आहे. जाहिरातीत बँकेचे नाव आहे, पण दुवा भलत्याच पत्त्यावर जातो, एवढ्यावरून ती वेगळी काढून माणसापुढे ठेवता येते. निर्णय माणसानेच करावा. प्रणालीला चित्रातील अक्षरे चुकीची वाचता येतात, आणि प्रामाणिक विमा प्रतिनिधीही तिच्या जाळ्यात सापडू शकतो.

अडचण तंत्राची नसून परवानगीची आहे. संगणकाने थेट विचारणा करावी यासाठी फेसबुकने दिलेल्या एपीआयमधून भारतातील राजकीय व सामाजिक विषयांच्याच जाहिराती मिळतात. युरोपातील नागरिकाला मात्र सर्व प्रकारच्या जाहिराती मिळतात, कारण तेथील डिजिटल सेवा कायदा मोठ्या माध्यमांना जाहिरात शेवटची दिसल्यापासून वर्षभर जपण्यास आणि यंत्राने शोधू देण्यास भाग पाडतो. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने एक्स या माध्यमाला १२ कोटी युरोंचा दंड केला, त्याच्या कारणांत जाहिरातींच्या दप्तरातील त्रुटीही होत्या.

केवळ माध्यमांच्या सदिच्छेवर विसंबणे का पुरेसे नाही, याचे उत्तर रॉयटर्सने त्याच महिन्यात दिले. अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे त्या वृत्तसंस्थेने लिहिले, की जपानमधील नियामक कोणते शब्द शोधतात ते हेरून मेटाचे कर्मचारी नेमके तेच शब्द शोधत आणि सापडलेल्या फसव्या जाहिराती काढून टाकीत. जाहिराती गेल्या हे चांगलेच. पण अंगण झाडले ते पाहुणा पाहणार होता तेवढेच. शोध जितका व्यापक आणि स्वतंत्र, तितके हे कठीण.

चेन्नईला याची किंमत ठाऊक आहे. आरुध्रा गोल्ड ट्रेडिंग प्रकरणात, तामिळनाडू पोलिसांच्या तपासानुसार, सुमारे एक लाख ठेवीदारांचे २,४०० कोटींहून अधिक रुपये अडकले. ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा त्या राज्यात १९९७ पासून आहे. महाराष्ट्राने १९९९ साली केला. कायदा येतो तो बहुधा पैसा गेल्यानंतर. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने अनियंत्रित ठेव योजनेची जाहिरात छापणाऱ्या वृत्तपत्राला त्याच जागी विनामूल्य खुलासा छापण्यास सांगता येते. पडद्यावरून उडालेल्या जाहिरातीचा खुलासा कोणाला दाखवायचा?

सेबीने मार्च २०२५ मध्ये मध्यस्थांना गुगल व मेटा यांच्याकडे आपल्या नोंदणीकृत संपर्कानिशीच जाहिरातदार म्हणून नोंद करण्यास सांगितले. प्रवेशद्वारावरील ही तपासणी स्वागतार्ह आहे. तिच्या जोडीला आर्थिक जाहिरातींची नोंद किमान वर्षभर राखण्याची आणि बँका, नियामक व अभ्यासकांना ती संगणकाने धुंडाळू देण्याची सक्ती हवी. तोपर्यंत ग्राहकाने संशयास्पद जाहिरातीचे पडदाचित्र व दुवा तत्काळ जपून ‘सचेत’ संकेतस्थळावर कळवावे आणि पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. काल सायंकाळी थांबलेली जाहिरात आज शोधू जाता कोणत्याही प्रणालीला सापडणार नाही.