हॉटेल साहेबाचे, वीट कोणाची?

मुंबईस काळ्या घोड्याजवळ वॉटसन साहेबाचे हॉटेल होते. त्याचा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून, जहाजाने आणून १८६७ ते १८६९ या काळात येथे उभा केला. हॉटेल गोऱ्यांसाठी, नेटिव्हाने पाहुणा म्हणून त्याची पायरी चढावयाची नाही. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चालती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली, ती येथेच. पुढे हॉटेल मोडले, खोल्यांची खुराडी होऊन भाड्याने गेली. २००५ साली सज्जा कोसळून एक माणूस मेला, आणि २०१९ साली मुंबईच्या आयआयटीने इमारत पाडून टाकावी असा अभिप्राय दिला. तेव्हा वारसाप्रेमी मंडळी कळवळून उठली.

हा कळवळा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. जुनी इमारत गेली की गावाची आठवण जाते. परंतु आठवण कोणाची ठेवली जाते, हे पाहावयास नको काय? मालक वॉटसन, इंजिनियर ऑर्डिश, मोठमोठे पाहुणे, सर्वांची नावे कागदावर आहेत. ज्यांनी डोक्यावरून ओझी वाहिली, भिंती रचल्या, त्यांच्यासाठी कोणी आसवे गाळतो काय?

आमचा उदगीरचा वाचक म्हणेल, मुंबईच्या साहेबी हॉटेलाशी आमचे देणेघेणे काय? देणेघेणे आहे, आणि ते विटेचे आहे. आमच्याच मराठवाड्यात, धाराशिव जिल्ह्यात, तेर हे गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक दर्यावर्दी त्यास तगर या नावाने ओळखीत. तेथील त्रिविक्रमाचे प्राचीन देऊळ विटांचे आहे. तेथे पाण्यावर तरंगणाऱ्या विटाही सापडल्या. मातीत तूस कालवून वीट भाजली की तूस जळून जाते, वीट सच्छिद्र व हलकी होते. ही विद्या कोणत्या पोथीत नव्हती. ती चिखल तुडविणाऱ्याच्या पायांत आणि भट्टीचा जाळ ओळखणाऱ्याच्या डोळ्यांत होती. याच तेरचे गोरोबा काका. संतांच्या मेळ्यात कच्चे कोण, पक्के कोण, हे थापटून ठरविण्याचा मान कथेने या कुंभारास दिला आहे.

पंढरीचा देव विटेवर उभा आहे; वीट पाडणारा मात्र कोठे उभा आहे? लातूर-नांदेडकडची कितीतरी कुटुंबे दिवाळी सरली की उचल घेऊन परमुलखी भट्टीवर जातात. नवरा, बायको, पोरे मिळून राबतात. हिशेब मात्र एकट्या बाप्याच्या नावावर. हजार विटांमागे किती मिळाले, फुटक्या म्हणून किती वजा केल्या, उचल फिटली की नाही, हे सारे मुकादमाच्या वहीत. वेठबिगार मोडण्याचा कायदा १९७६ साली झाला, पोरांना शाळेचा हक्क देणारा २००९ साली. कायदा पुस्तकात आणि पोर चिखलात, हा कोणता न्याय?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक कामकऱ्याच्या हाती त्याची स्वतःची हिशेबवही असावी, आणि बाईची मजुरी बाईच्या नावे लिहावी. भट्टी लागेल तेथे शाळा लागावी. आणि ज्यांस जुन्या वास्तूंचा कळवळा आहे त्यांनी वीट पाडणाऱ्या, रचणाऱ्या हातांची विद्याही नोंदवून ठेवावी. तोही वारसाच आहे.

आमच्या कामकरी बांधवांसही एक सांगणे आहे. हजारो विटा मोजणाऱ्या घरात हिशेब वाचणारे एक तरी लेकरू तयार करा. ते मुकादमाची वही उघडून पाहील, त्या दिवशी ही उचल फिटू लागेल.