गाईडातली ओळ

आमच्या वर्गात गाईड न वापरणारा विद्यार्थी शोधूनही सापडायचा नाही, आणि मीही त्याला अपवाद नाही. तरीही आज गाईडांविरुद्ध चार शब्द लिहिणार आहे. निमित्त आहे माझ्या जुन्या संगणकाचे.

शिष्यवृत्तीच्या पैशांतून घेतलेल्या या सेकंडहँड यंत्रावर मी लिनक्स चालवतो. दिवाळीच्या सुटीत नवी आवृत्ती चढवली आणि पडदा बिघडला. 1920 × 1080 ठिपक्यांच्या जागी 1024 × 768 उरले. रुंद पडद्यावर ताणली गेल्यामुळे अक्षरे फुगली, वर्तुळाचे अंडे झाले. सेटिंगमध्ये दुसरा पर्यायच नव्हता. दुकानदाराने निदान केले, "मॉनिटर गेला, नवा घ्या." ते खिशाला परवडणारे नव्हते, केवळ म्हणूनच मी शोधाला लागलो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

'एक्सरँडर' ही आज्ञा दिली की मॉनिटर कोणत्या जोडणीवर आहे ते दिसते. तिथे 'एचडीएमआय' हवे होते; दिसले नुसते 'डिफॉल्ट'. मॉनिटरच्या पोटात त्याच्या मापांची 128 बाइटांची कुंडली असते. ती वाचणारा ड्रायव्हरच जागेवर नव्हता! संगणक सुरू होताना लिनक्सला मिळणाऱ्या सूचना तपासल्या, तर त्यांत 'नोमोडसेट' हा शब्द. तो दोन वर्षांपूर्वी मीच घातलेला. तेव्हा पडदा काळा पडायचा. कुणीतरी सांगितले, मी उतरवून घेतले. त्याचा अर्थ असा, की पडद्याची मापे ठरवण्यात कर्नलने लक्ष घालू नये. ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचा जुना ड्रायव्हर होता तोवर हे खपले. नव्या कर्नलशी त्याचे जमेना, म्हणून तो निघाला. त्याची जागा घेणारा खुला ड्रायव्हर 'नूवो' कर्नलमार्फतच काम करतो, आणि त्याचे हात मीच बांधून ठेवले होते. 'ग्रब'च्या फायलीतून तो शब्द खोडला, 'अपडेट-ग्रब' चालवले, यंत्र पुन्हा सुरू केले. काळ्या पडद्याची धास्ती होतीच. पण दोन वर्षांत नूवोही सुधारला असावा. अक्षरे सडसडीत झाली.

माझा मित्र म्हणतो, "चालल्याशी मतलब, अर्थ कशाला हवा?" गाईडाबद्दलही तो हेच म्हणतो. पण गाईडातले उत्तर प्रश्न तोच राहील तोवरच चालते, आणि चुकले की कुठे चुकले ते आपल्यालाच सांगता येत नाही. दुकानदाराचे ऐकले असते, तर नव्या मॉनिटरवरही अंडेच दिसले असते.

आता मी एक वही केली आहे. कोणती ओळ, कुठे, कधी, कशासाठी घातली, सारे तीत लिहितो. परवा मित्राने ती मागितली. उतरवून घ्यायला!