गरोदरपण आणि गुडाखूची डबी

गरोदर बाईला 'विडी-सिगारेट ओढता का?' असे विचारले, तर आपल्या वस्त्यांत बहुधा 'नाही' असेच उत्तर येते. ते खरेही असते. पण त्याच बाईच्या मोरीजवळच्या कोनाड्यात गुडाखूची डबी असते, आणि दुपारी घरधन्याच्या पुडीतला चिमूटभर खर्रा तोंडात जातो. तंबाखू तीच, फक्त धूर निघत नाही. म्हणून आमचे म्हणणे आहे की गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न गुडाखू आणि खर्रा यांचे नाव घेऊनच विचारला पाहिजे.

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि काकवीचा लगदा. हिरड्यांवर घासला की निकोटीन रक्तात उतरते आणि वारेतून बाळापर्यंत पोचते. रक्तवाहिन्या आकसतात. बाळ दिवस भरण्याआधी जन्मण्याचा, अडीच किलोपेक्षा कमी भरण्याचा, पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. 'बाळ लहान, तर बाळंतपण सोपे' असे म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांना हे समजावणे सुनेला समजावण्याहून अवघड आहे!

बाई हे हौसेने करत नाही. दात ठणकतो, सकाळी पोट साफ होत नाही, विड्या वळताना भूक मारायची असते. रागावले तर डबी लपते, सवय सुटत नाही. सासूसमोर सून खरे सांगणार नाही. पुष्कळदा पहिली डबी सासूनेच दिलेली असते. आशाताईंनी बाजूला घेऊन विचारावे.

सोडल्यावर पहिले काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते. तलफ थोड्या मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्यावे, बडीशेप चघळावी. दात दवाखान्यात दाखवावा. तंबाखू सोडण्याच्या गोळ्या किंवा च्युइंगम डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. १८००-११२-३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. सातव्या महिन्यात सोडली तरी बाळाला फायदाच होतो.

१९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतींची बाजू घेतली. आईचा भार तिने एकटीने का उचलावा, हाच तो प्रश्न होता. आज तो घरातल्या पुरुषाला विचारायचा आहे. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, तरी पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच, आणि तो घरी आणतो कोण? बायकोला दिवस गेल्याचे कळेल त्याच दिवशी त्याने आपली पुडी बंद करावी, विडी घराबाहेरही ओढू नये, आणि वळायच्या तंबाखूचे सूप तिच्या खाटेपासून दूर ठेवावे.