विश्लेषण : अंटार्क्टिकाच्या बर्फाचा तोंडवलीच्या बंधाऱ्याशी काय संबंध?

एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. मालवण तालुक्यातील तोंडवली-तळाशीलचा नकाशा मोबाइलवर उघडला की ही पट्टी किती अरुंद आहे ते लगेच दिसते. किनाऱ्याची धूप वाढली की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते. पण बंधारा किती वर्षांचा विचार करून बांधायचा? याच्या उत्तराचा एक धागा गोव्यात, वास्कोच्या हेडलँड सड्यावर सापडतो. तिथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाहून आणलेल्या बर्फाच्या नळकांड्या उणे २० अंश सेल्सिअस तापमानात जपून ठेवतात आणि तपासतात.

बर्फातून जुने हवामान कसे कळते?

अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडलेले हिम वितळत नाही. दरवर्षी नवा थर चढतो, खालचा दबून त्याचा बर्फ होतो आणि कणांमधली हवा बुडबुड्यांत अडकते. पोकळ ड्रिलने हा बर्फ उभा कापून काढला की त्या काळची हवाच हाती येते. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड थेट मोजता येतो. तापमान मात्र अप्रत्यक्षपणे काढावे लागते : थंडी जितकी अधिक, तितके बर्फात जड ऑक्सिजनचे प्रमाण कमी. यात एक मेख आहे. बुडबुडे बंद होतात ते पृष्ठभागाखाली कित्येक मीटरवर, त्यामुळे आतली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते. म्हणून एकाच नळकांडीसाठी दोन कालगणना कराव्या लागतात.

युरोपीय पथकाने ‘डोम सी’ येथे काढलेल्या बर्फाने ८ लाख वर्षांची नोंद दिली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच परिसरात २,८०० मीटर खोल जाऊन १२ लाख वर्षांहून जुना बर्फ मिळाला. त्या ८ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत साधारण १८० ते ३०० भागांदरम्यान राहिला. आज तो ४२० च्या वर आहे.

सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी हे प्रमाण २८० च्या आसपास होते. पृथ्वीच्या कक्षेतील बदलांमुळे तेव्हा जग औद्योगिक काळापूर्वीपेक्षा जेमतेम अर्धा ते दीड अंश उष्ण होते. तरीही समुद्र आजच्यापेक्षा ५ ते १० मीटर उंच होता, हे जुन्या प्रवाळांवरून कळते. अर्थात एवढे पाणी चढायला शतके लागतात.

मग तळाशीलची धूप हवामान बदलामुळेच?

तसे म्हणणे घाईचे ठरेल. पावसाळी लाटा, खाडीच्या मुखाची हालचाल, वाळूउपसा ही कारणे जवळची आहेत आणि त्यांवर आजच उपाय करता येतो. बर्फाचा अभ्यास पुढच्या आषाढात कुठला माड पडेल ते सांगत नाही. मात्र जगाची सरासरी समुद्रपातळी आता वर्षाला सुमारे ४ मिलिमीटरने वाढते आहे. हाच वेग राहिला तरी ३० वर्षांत १२ सेंटिमीटर होतात, आणि त्यावर उधाणाची लाट येणार. बंधाऱ्याची उंची जुनी भरतीरेषा धरून काढली की ही वाढ धरून, हे आराखड्यात लिहिलेले असायला हवे. ग्रामसभेत ते विचारता येते.