लोकांनी नावे ठेवलेला खेळ



सुट्टी जवळ आली, की वर्गात एक प्रश्न हमखास निघतो. तो भौतिकीच्या पुस्तकातला नसतो. "सर, अमुक ऑनलाइन गेम घेऊ का? सगळे म्हणतात, अगदी टुकार आहे." विचारणारा सुदुंबऱ्याचा असो वा इंदुरीचा, त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच हवे असते. वडीलधारी मंडळी याची दोन ठरावीक उत्तरे देतात. एक, ‘गेमच नको, अभ्यास कर’. दुसरे, ‘तुझे तू बघ’. दोन्ही उत्तरांत प्रश्नाचा विचार करण्याचे टाळलेले असते. प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे. त्यात तुमचे तास खर्ची पडणार आहेत, आणि दहावी-बारावीच्या वर्षात तासाइतके महाग दुसरे काय असते?

शिक्षकवाचकांसाठी आधी थोडा खुलासा. या खेळांत खेळणारा एखादे पात्र घेतो, योद्धा म्हणा, वैद्य म्हणा, आणि दूरदूरच्या शेकडो माणसांबरोबर एकाच काल्पनिक जगात वावरतो. सोंग घेऊन खेळणे म्हणजे पोरखेळ, असे समजू नका. आपल्या सुदुंबऱ्यातच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. अशा दलांच्या सरावातही कोणी जखमी होतो, कोणी ढिगाऱ्याखाली सापडलेला. खोट्या प्रसंगात शिकलेले खऱ्या प्रसंगी उपयोगी पडते. तेव्हा ‘सोंग’ या शब्दावरून खेळाला नापास करता येणार नाही.

आता मुद्द्याकडे वळू. समजा, एखादे पुस्तक लोकांना आवडले नाही. म्हणून त्याच्या पानांवरचा मजकूर बदलतो काय? नाही. शंभर वर्षांनी एकट्याने कपाटातून काढून ते वाचता येते. बहुखेळाडू ऑनलाइन खेळाचे तसे नाही. त्यातली माणसे हाच त्याचा अर्धा मजकूर असतो. लोकांनी पाठ फिरवली की ते जग ओस पडते. ओस पडले म्हणून उरलेलेही निघून जातात. आणि एक दिवस कंपनी आपला सर्व्हर, म्हणजे ते जग चालवणारा संगणक, बंद करते. भौतिकीत अशा परिणामाला धन प्रतिभरण म्हणतात. ध्वनिक्षेपक माइकजवळ आणला की जी किंकाळी फुटते, तिचाच हा उलटा भाऊ. परंपरा अशी सांगते, की संताजी जगनाडे महाराजांनी वह्या लिहून ठेवल्या म्हणून तुकोबांचे अभंग टिकले. वही घरात राहते. तुमचे खेळातले पात्र मात्र तुमच्या फोनमध्ये नसते, दूरच्या यंत्रात असते. लोकमत हे पुस्तकाच्या बाबतीत निव्वळ मत असते. इथे ते खेळाचा एक घटकच होऊन बसते.

जवळचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने ‘इंडस’ नावाचा खेळ २०२२ मध्ये जाहीर केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये फोनवर आणला. काटेकोर अर्थाने हा भूमिकाखेळ नव्हे. अनेकांनी एका बेटावर उतरायचे आणि शेवटपर्यंत तगायचे, अशा जातीचा तो खेळ. पण पात्रे गमतीची आहेत: बिग गज, मोर-नी, सर-ताज! भविष्यकाळातील भारतीय कल्पनासृष्टी उभी करण्याचा प्रयत्न त्यात आहे. विरलोक नावाच्या त्या बेटावर कॉस्मियम नावाचे खनिज हस्तगत करूनही सामना जिंकता येतो. हा नियम मला विशेष आवडला, कारण त्यामुळे सगळ्यांना मारत सुटण्याखेरीज दुसरा डाव रचता येतो. खेळ येण्याआधीच एक कोटीहून अधिक नावनोंदणी झाली होती. प्रत्यक्षात स्वागत संमिश्र झाले. परदेशी खेळांची सफाई डोळ्यांसमोर ठेवून अनेकांनी नाके मुरडली.

नाके मुरडली म्हणजे काय, तर तारे कमी दिले. या ताऱ्यांच्या सरासरीवर तुम्ही फार विसंबता. दहा जणांपैकी पाचांनी पाच तारे दिले आणि पाचांनी एक. सरासरी किती? तीन. पण ‘तीन’ असे एकानेही म्हटलेले नाही! एकाच वर्गात निम्म्या मुलांना शंभर आणि निम्म्यांना शून्य गुण मिळाले, तर ‘वर्ग मध्यम आहे’ असे कोणता शिक्षक म्हणेल? २६ जानेवारी २०२१ रोजी ‘फौजी’ हा भारतीय खेळ आला, तेव्हा त्यात एकट्याने खेळायचा भागच तेवढा होता. पबजीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आलेली. तिच्या चाहत्यांपैकी कित्येकांनी रागाने एकेक तारा देऊन टाकला. हे मोजमाप खेळाचे की रागाचे? म्हणून सरासरी पाहू नका. ताऱ्यांच्या पाच पट्ट्या पाहा, आणि मधल्या तीन ताऱ्यांवाल्यांचे म्हणणे वाचा. ते बहुधा शांत डोक्याने लिहितात.

दुसरी गोष्ट आमच्या विषयातली. खेळ ‘अडकतो’ ही तक्रार करणारा कुठे बसला आहे? प्रकाशतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो. आपल्यापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर. तिथे सर्व्हर असेल तर जाऊन-येऊन १ मिलिसेकंद पुरतो. सिंगापूर सुमारे ४,००० किलोमीटर; जाऊन-येऊन निदान ४० मिलिसेकंद. अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे १२,५०० किलोमीटर. निदान १२५ मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रे लागतात, आणि संध्याकाळी अख्खे गाव एकाच टॉवरवर असते. म्हणजे प्रत्यक्ष आकडा याहून मोठाच. ‘पिंग’ म्हणून तुम्ही जो आकडा बघता, तो हाच. जगातली कोणतीही कंपनी तो प्रकाशाने ठरवून दिलेल्या मर्यादेखाली आणू शकत नाही. तेव्हा अमेरिकेतील परीक्षकाने खेळलेला खेळ आणि सुदुंबऱ्यात तुम्ही खेळाल तो खेळ, नाव एक असले तरी, एक नव्हेत. त्याने वाखाणलेला तुम्हांला रटाळ वाटेल; त्याने झोडपलेला, सर्व्हर मुंबईत असेल तर, तुमच्याकडे सुरळीत चालेल.

खरोखरच वाईट निघालेल्या भूमिकाखेळाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचा ‘फायनल फँटसी’ मालिकेतील चौदावा खेळ सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि सपशेल पडला. परीक्षकांनी शंभरांपैकी पन्नासच्या आसपास गुण दिले. पुढे नव्या प्रमुखाने, नाओकी योशिदा यांनी, एक कारण सांगितले ते ऐका. खेळातील एका साध्या फुलाच्या कुंडीत जवळजवळ माणसाच्या पात्राइतकेच बहुभुज भरलेले होते! चित्र जितक्या बहुभुजांचे, तितके गणित यंत्राने दर क्षणी करायचे. कुंड्यांनी यंत्र दमवले, मग माणसे दाखवायला शक्ती कुठून उरणार? कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली, काही काळ महिन्याची वर्गणी घेतली नाही, ११ नोव्हेंबर २०१२ ला ते जग बंद केले. बंद करतानाही कथेतच आकाशातून एक चंद्र कोसळवला. ऑगस्ट २०१३ मध्ये खेळ नव्याने आला आणि नावारूपाला आला. जुन्या खेळाडूंना आपली जुनी पात्रे पुढे चालवता आली.

यावरून ‘वाईट खेळही सुधारतात, धीर धरा’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. असे पुनर्जन्म विरळा. बहुतेक पडलेले खेळ पडूनच राहतात. मी एवढेच म्हणेन, की २०१० चे गुण २०१३ च्या खेळाला लावता येत नाहीत. मोजमापाशेजारी तारीख लिहा, असे प्रयोगवहीत आम्ही सांगतो, ते यासाठीच.

आता वेळेचा हिशेब, जो कोणताही तारा सांगत नाही. एखादे दुर्मिळ शस्त्र प्रत्येक लढाईत शंभरात एक या संभाव्यतेने मिळते, असे धरा. शंभर लढायांत ते मिळेलच, असे पुष्कळांना वाटते. गणित वेगळे बोलते. ०.९९ चा शंभरावा घात सुमारे ०.३७ येतो, म्हणजे शंभर लढाया करूनही शंभरांतले सदतीस जण रिकाम्या हाताने राहतील. एक लढाई दहा मिनिटांची, तर शंभर लढायांचे १६ तास ४० मिनिटे झाले. एवढ्यात बारावीच्या प्रकाशिकीची सगळी उदाहरणे दोनदा सोडवून होतील. गंमत अशी, की उत्तम गुण मिळालेले खेळ या बाबतीत अधिक धोक्याचे असू शकतात. ते तुम्हांला धरून ठेवण्यात तरबेज असतात. टुकार खेळ निदान सोडवतो तरी लवकर! पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. पण तासांवर कोणता कायदा बंदी घालणार?

तर माझे मत असे. नावे ठेवलेला खेळ फुकट असेल, तुमच्याच ओळखीचे चार-पाच जण बरोबर असतील आणि रात्रीसुद्धा सामना जुळायला फार थांबावे लागत नसेल, तर दहा तासांची मर्यादा घालून जरूर खेळून पाहावा. इंडससारखा पुण्यात घडलेला खेळ असेल, तर मी अधिक आग्रहाने सांगेन. कारण काय फसले, काय जमले हे ओळखून त्या धंद्यात उद्या शिरणारा तुमच्यापैकीच असू शकतो. कुठली ‘कुंडी’ यंत्राला दमवते आहे, ते शोधा. मात्र पहिल्या दहा तासांतच पैसे मागणारा, किंवा अनोळखी माणसांच्या भरवशावर चालणारा ओस पडलेला खेळ असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. शिक्षकांना माझी विनंती आहे, की ‘किती वेळ खेळलास?’ याच्याआधी ‘तुझा पिंग किती येतो?’ असे विचारून पाहावे. पोरगे चपापेल, आणि मग बोलू लागेल.

खेळण्यापूर्वी एक प्रयोग करा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरायला सांगा. तुमची दोन बोटे शून्याच्या खुणेशी, न चिकटवता. त्याने न सांगता सोडावी, तुम्ही पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली, तर तुमचा प्रतिसादकाळ सुमारे ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद. त्याच्याशेजारी पिंगचा आकडा लिहा. तो या काळाच्या निम्म्याहून जास्त असेल, तर हरण्याचा दोष तुमच्या हातांचा की केबलचा, हे आपोआप कळेल. खेळून झाल्यावर, रात्री अकरा वाजता, पट्टी पुन्हा पकडा आणि तोही आकडा त्याच पानावर लिहून ठेवा.