‘एक चमचा’ म्हणजे नेमकं किती?

परवा रात्री गावातल्या एका मेडिकलवर उभा होतो. एक ताई तापलेलं लेकरू कडेवर घेऊन आल्या. काउंटरवरच्या पोराने पॅरासिटामॉलच्या सिरपची बाटली पुढे केली. म्हणाला, “अर्धा चमचा, दिवसातून तीनदा.” ताईंनी विचारलं, “चहाचा चमचा का जेवायचा?” मोबाइलमधून मान वर न काढता उत्तर आलं, “कुठला पण चालतो.”

नाही चालत, राव!

औषधाच्या हिशोबात छोटा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा, ज्याला टेबलस्पून म्हणतात, तो १५ मिली. सरळ तिप्पट. आपल्या घरातले चमचे मात्र कुठल्याच मापाने बनलेले नसतात. काल सिरिंजने पाणी भरून घरचे चमचे मोजले. मसाल्याच्या डब्यातला ३ मिलीचा, पोहे खायचा ८ मिलीचा. दोन्ही ‘एक चमचा’च!

आता पुढचा घोळ. मिली हे औषध किती ओतायचं त्याचं माप आणि मिलिग्रॅम हे त्यात खरं औषध किती त्याचं वजन. एकाच पॅरासिटामॉलच्या एका सिरपमध्ये ५ मिलीला १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर १ मिलीलाच १०० मिलिग्रॅम. म्हणजे त्या थेंबांचा ५ मिलीचा चमचा पाजला की पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं, पहिल्या सिरपच्या चौपटीहून जास्त. डोस ठरतो लेकराच्या वजनावर आणि जास्तीचा भार पडतो त्याच्या लिव्हरवर.

जुलाबातलं साखर-मिठाचं पाणीही तसंच. एक लिटर पाण्याला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट, शीग लावून नाही. तेही ५ मिलीच्याच चमच्याने. मीठ जास्त झालं तर लहान बाळाला ते घातक ठरू शकतं.

कुणी म्हणेल, आमची आजी कुठे मिली मोजत होती? अहो, आजी सहाणेवर बाळघुटी उगाळताना प्रत्येक मुळीचे वेढे मोजायची. ती मोजायची, आपण मोजणं सोडलं.

देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. किराणा दुकानदाराचा काटा सरकारी शिक्क्याशिवाय चालत नाही. पेट्रोल कमी वाटलं तर पंपावर ५ लिटरच्या मापाने मोजून मागता येतं. पेट्रोलच्या थेंबासाठी भांडणारे आपण लेकराच्या औषधाला मात्र ‘कुठला पण चमचा’ मान्य करतो?

म्हणून तीन गोष्टी मागतोय. डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवर ‘चमचा’ नको, मिलीचा आकडा लिहा, मराठीत, वाचता येईल असा. मेडिकलवाल्यांनो, मापाचं झाकण किंवा तोंडाने औषध द्यायची सिरिंज दिल्याशिवाय बाटली देऊ नका आणि किती भरायचं तिथे पेनाने खूण करा. त्याला फार खर्च नाही, दोन मिनिटं लागतात. आणि आई-बापांनो, “किती मिली?” हे विचारल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. विचारायला लाजू नका, रांग खोळंबली तर खोळंबू द्या.

त्या ताईंना त्या रात्री मापाचं झाकण मिळालं, पण भांडून. भांडायला दर वेळी शेजारी कुणी उभं असेलच असं नाही.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका.